आधी पाय, मग हात: खारघरच्या एका घरातली रडर पेडल आणि जॉयस्टिकची निवड

खारघरमधलं दोन बेडरूमचं घर. मुलगी बारावीची परीक्षा देऊन बसलेली, विषय गणित आणि भौतिकशास्त्र, आणि जूनच्या सुमारास फ्लाइंग स्कूलला जायचं पक्कं झालेलं. तोवर घरच्या सिम्युलेटरवर हात बसावा म्हणून चांगली जॉयस्टिक आणि जमलं तर रडर पेडलं घ्यायची होती. रडर म्हणजे शेपटीचं उभं हलतं पातं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं; विमानात तो पायानं चालवतात. वडिलांनी 25 हजारांची मर्यादा घातली होती. मामांनी एक संच सुचवला होता: भारदस्त जॉयस्टिक, वेगळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लिव्हर), बोटागणिक बटणं. तो घेतला असता तर सगळे पैसे हातावरच संपले असते. शेवटी केलं उलटं. पेडलं नवी आली, जॉयस्टिक जुनीच राहिली.

हे सविस्तर लिहितोय, कारण 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं ये-जा करू लागली आणि तेव्हापासून आसपासच्या घरांतून हाच प्रश्न येतो: आधी काय घ्यायचं, जॉयस्टिक की पेडलं? बहुतेक जण जॉयस्टिकपासून सुरुवात करतात आणि पेडलं पुढच्या दिवाळीवर ढकलतात. जो मुलगा किंवा मुलगी खरोखर विमान चालवायला शिकणार आहे, तिच्यासाठी हा क्रम चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार

"काका, टेकऑफला विमान डावीकडे पळतं आणि लँडिंगला उजवा पंख पडतो. स्टिक गेलीय बहुतेक." मुलीनं एवढंच सांगितलं, पण त्यात निदानाला लागणारं जवळजवळ सगळं होतं.

घरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 होता. विमान सेसना 172 (शिकवणीचं छोटं विमान), विमानतळ जुहू. जुहूच का, तर 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले होते, हे तिनं वाचलेलं आणि ते तिच्या मनात घट्ट बसलेलं. स्टिक चुलतभावाकडून आलेली, दांडा पिळून रडर चालवायच्या प्रकारची.

मी आधी विचारलं, हे कधीपासून होतंय? आठवडाभरापासून, ती म्हणाली. त्याआधी काय बदललं? तिनं सेटिंगमधलं ऑटो-रडर बंद केलं होतं, कारण खऱ्या विमानात अशी मदत मिळणार नाही हे तिला कुठूनतरी कळलं होतं. पोरीचं कौतुक वाटलं. म्हणजे आतापर्यंत तिच्या पायांचं काम सॉफ्टवेअर करत होतं आणि ते थांबल्यावर विमान जसं वागायला हवं तसंच वागू लागलं होतं.

सेसना 172 चा नाकावरचा पंखा (प्रोपेलर) वैमानिकाच्या बाजूनं पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. पूर्ण ताकद लावली आणि वेग कमी असला की नाक डावीकडे जातं. पंख्यामागून निघणारा हवेचा झोत धडाभोवती पिळत जाऊन शेपटीच्या उभ्या पात्यावर डाव्या बाजूनं आदळतो, इंजिनाची प्रतिक्रिया डाव्या चाकावर भार टाकते, आणि नाक वर उचललं की पंख्याचं खाली उतरणारं पातं जास्त ओढ देतं, तेही नाक डावीकडेच वळवतं. उत्तर एकच, उजवा पाय.

त्यात तिनं पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा मुद्दाम लावलेला. जुहूचा रनवे 26 म्हणजे साधारण 260 अंश. वारा 220 अंशांवरून 15 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). कोनातला फरक 40 अंश, त्याचा साइन 0.64, म्हणजे आडवा वारा साडेनऊ-दहा नॉट, आणि तोही डावीकडून. असा वारा शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे, म्हणजे पुन्हा डावीकडेच वळतं. इंजिन डावीकडे, वारा डावीकडे. या विमानाच्या माहितीपुस्तिकेत प्रत्यक्ष दाखवून दिलेला आडवा वारा 15 नॉटचा आहे, त्यामुळे दहा नॉट काही अशक्य नाहीत. पण नवशिक्यासाठी सोपेही नाहीत.

मनगटाची परीक्षा

विंडोजमध्ये रन चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) लिहिलं की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिथे एका चौकोनात छोटा अधिक (+) दिसतो, तो स्टिकच्या डाव्या-उजव्या आणि पुढच्या-मागच्या हालचालीप्रमाणे सरकतो. शेजारी एक पट्टी असते, ती पिळण्याची.

मुलीला सांगितलं, स्टिक सरळ उभी धर, कुठेही झुकू देऊ नकोस आणि फक्त उजवीकडे पीळ. पट्टी उजवीकडे गेली. सोबत तो अधिकही चौकोनात उजवीकडे आणि थोडा खाली घसरला. पुन्हा केलं, सावकाश केलं, तेच. वडिलांनी करून पाहिलं, त्यांचंही तेच, फक्त घसरणं कमी. मनगट उजवीकडे वळवताना कोपर शरीराकडे येतं आणि दांडा सोबत ओढला जातो. लक्ष देऊन ते कमी करता येतं. पण जमीन पन्नास फुटांवर असताना लक्ष रनवेवर असतं, मनगटावर नसतं.

डावीकडून वारा असताना सेसना उतरवायची तर डावा पंख वाऱ्याकडे थोडा खाली ठेवायचा आणि नाक रनवेच्या रेषेत राहावं म्हणून उजवा रडर द्यायचा. पिळाच्या स्टिकवर याचा अर्थ दांडा डावीकडे झुकवायचा, त्याच वेळी उजवीकडे पिळायचा आणि फ्लेअरला, म्हणजे चाकं टेकण्याआधी नाक उचलताना, हळूहळू मागे ओढायचा. परस्परविरुद्ध दोन हालचाली आणि वर तिसरी, सगळं एका मनगटात. मुलगी उजवीकडे पिळायची तेव्हा डावीकडचा झुकाव आपोआप सुटायचा, डावा पंख वर यायचा, उजवा खाली जायचा आणि विमान वाऱ्याबरोबर रनवेच्या उजव्या कडेला. तिची तक्रार तंतोतंत खरी होती. कारण मात्र स्टिक बिघडल्याचं नव्हतं.

बिघाड अगदीच नव्हता असंही नाही. स्टिक सोडून हात मांडीवर ठेवले तेव्हा तो अधिक (+) मध्यभागी स्थिर राहिला, पण पिळाची पट्टी थरथरत होती. या जुन्या स्टिकमध्ये पिळासाठी पोटेन्शिओमीटर होता, म्हणजे कार्बनच्या पट्ट्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. घासून पट्टा झिजतो, त्यावर धूळ बसते, खाडीकाठच्या दमट हवेत ती चिकटून राहते आणि आकडे उड्या मारू लागतात. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे झिजायला काही नसतं.

इथे खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. खोक्यावर हॉल सेन्सर लिहिलं म्हणजे प्रत्येक अक्षावर तो आहे असं नाही. थ्रस्टमास्टरच्या टी 16000 एममध्ये मुख्य दोन अक्षांवर हॉल सेन्सर आहेत आणि प्रत्येक अक्ष 14 बिटांचा, म्हणजे 16,384 पायऱ्यांचा आहे. पिळाचा अक्ष मात्र साध्या पोटेन्शिओमीटरवर चालतो. पायऱ्यांच्या आकड्यावर फार जीव टाकू नये असंही मी सांगेन. 10 बिटांच्या अक्षालाही 1,024 पायऱ्या असतात आणि शिकाऊ हाताची अचूकता त्याच्या जवळपासही नसते. स्थिर मध्य आणि न थरथरणारा आकडा जास्त मोलाचा.

पर्याय

मामांचा संच आधी बाजूला काढला. त्याची बटणं लढाऊ विमानांच्या खेळाला उपयोगी. सेसनाच्या विद्यार्थिनीला ट्रिम (दांड्यावरचा ताण हलका करायची सोय), फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली उघडणारे भाग), ब्रेक आणि रेडिओवर बोलायचं बटण एवढं हाताशी असलं की भागतं. मामांना हे थोडं लागलं, पण त्यांचा भाचीवरचा जीव मोठा आहे, त्यांनी पेडलांसाठी लागणारी फळी स्वतः आणून दिली. त्या फळीबद्दल पुढे येईल.

वडिलांचा प्रश्न जास्त नेमका होता: सेसनात दांडा नसतो, योक (स्टिअरिंगसारखं हँडल) असतो, मग योक का नको? प्रश्न अगदी योग्य. अडचण टेबलाची होती. योक टेबलाच्या कडेला आवळावा लागतो, त्याचा दांडा आतबाहेर सरकतो आणि कीबोर्डची जागा तो खातो. त्याच टेबलावर धाकट्या भावाचा अभ्यास चालतो, म्हणजे रोज काढघाल. शिवाय फ्लाइंग स्कूलमध्ये सेसनाच मिळेल याची खात्री नव्हती. डायमंड डीए 40 सारख्या शिकवणीच्या विमानात दोन पायांच्या मध्ये दांडाच असतो. विमान ठरण्याआधी योकवर पैसे घालणं मला पटलं नाही.

पेडलांचं तसं नाही. सेसना असो, डायमंड असो की पुढे कधी मोठं जेट असो, रडर पायानंच चालतो. जमिनीवर सेसना 172 चं नाकाचं चाकही पेडलांनीच वळतं, दोन्ही बाजूंना दहा अंशांपर्यंत, आणि त्याहून आखूड वळण घ्यायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबायचा. ब्रेकही पेडलांच्या वरच्या भागात, पायाच्या चवड्यानं दाबायचे. हे सगळं पिळाच्या स्टिकवर करून पाहिलं तर हात काहीतरी शिकतो, पाय कोरेच राहतात. पुढे प्रशिक्षणाच्या महागड्या तासांत पाय जागे करायचे म्हणजे पैसे आणि धीर दोन्ही खर्च होतात.

तिचा धाकटा भाऊ फक्त एअरबस ए 320 उडवतो. त्याच्यासाठी वेगळ्यानं विचारलं असतं तर मी पेडलं आधी घ्या म्हटलं नसतं. ए 320 मध्ये नेहमीच्या उड्डाणात वळणाचा समतोल संगणक सांभाळतो. रडर लागतो तो टेकऑफच्या धावेत, आडव्या वाऱ्यात उतरताना आणि इंजिन बंद पडलं तर. जमिनीवर मोठी वळणं टिलरनं, म्हणजे हातानं फिरवायच्या छोट्या हँडलनं घेतात, पेडलांनी चाक जेमतेम सहा अंश वळतं. त्याला पिळाची चांगली स्टिक बरेच दिवस पुरली असती.

पेडलांमध्ये तीन गोष्टी तपासल्या. टो ब्रेक, म्हणजे चवड्यानं दाबायचे ब्रेक, हवेतच, म्हणून व्हीकेबीच्या टी-रडरसारखी बिनब्रेकची पेडलं सेन्सर उत्तम असूनही बाद झाली. थ्रस्टमास्टरच्या टीएफआरपीमध्ये ब्रेक आहेत, पण दोन पावलं खूप जवळ येतात आणि मुलगी उंच, गुडघे एकमेकांना लागत होते. हॉल सेन्सरची भारी पेडलं मर्यादेच्या फार वर जात होती. राहिला मधला प्रकार: रुंद पावलांचा, ताण कमी-जास्त करायची चकती असलेला, सेन्सर मात्र पोटेन्शिओमीटरचे. झिजणारा सेन्सर मान्य करून तोच घेतला, कारण पायाच्या हालचाली मोठ्या आणि सावकाश असतात, थोडी थरथर तिथे कमी टोचते. आणि पेडल उघडून पट्टा कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करता येतो. मर्यादेतले दोन तृतीयांशाहून जास्त पैसे त्यात गेले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, वापरलेली पेडलं स्वस्त मिळतात, तिकडेही चौकशी केली होती. घ्यायला हरकत नाही, पण दुकानात लॅपटॉप लावून जॉय डॉट सीपीएलमध्ये तिन्ही पट्ट्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत: रडर, डावा ब्रेक, उजवा ब्रेक. त्या दिवशी विक्रेत्याला ते जमलं नाही, म्हणून नवी घेतली.

फळी, खुर्ची आणि बूट

पेडलं आली आणि पहिल्याच टेकऑफला मुलीनं उजवा पाय दाबला, तर विमानाआधी खुर्ची फिरली. गुळगुळीत टाइल्स, चाकांची फिरती खुर्ची. उजव्या पायाचा रेटा शरीराच्या उजव्या बाजूला मागे ढकलतो, खुर्ची उजवीकडे वळते आणि मागेही सरकते. पेडलं उलट दिशेला भिंतीकडे निघालेली. पाय लांब होत जातो आणि किती दाबलं याचा अंदाजच राहत नाही.

पेडलांखाली रबरी चटई घालून अर्धाच प्रश्न सुटतो. मामांनी आणलेली 18 मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी कामाला आली ती इथे. एका टोकाला पेडलं बसवली, पुढे लाकडी पट्टी ठोकली म्हणजे ती सरकणार नाहीत, आणि दुसऱ्या टोकावर जेवणाच्या टेबलाच्या साध्या लाकडी खुर्चीचे पुढचे दोन पाय ठेवले, त्यांच्यामागेही एक पट्टी. आता पायाचा रेटा पुढे आणि पाठीचा रेटा मागे, दोन्ही त्याच फळीत जिरतात. जमिनीला काही करावं लागत नाही. रात्री फळी पलंगाखाली जाते. हजारो रुपयांच्या पेडलांना या फळीशिवाय अर्थ नव्हता असं मी बिनदिक्कत म्हणेन.

बसायचं अंतर असं ठरवलं: पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. टाच खाली फळीवर टेकलेली, पावलाचा खालचा भाग पेडलावर. ब्रेकची गरज पडली तरच पाऊल वर सरकवायचं. अनवाणी पायानं टाचेची उंची वेगळी पडते आणि दाब बोटांवर जाणवतो. विमानात बूट असणार, म्हणून बुटांचा सराव हवा. घरात बूट म्हटल्यावर आईनं आधी साफ नकार दिला. मग पातळ तळव्याचे नवे कॅनव्हासचे बूट आले, जे दाराबाहेर कधी जाणार नाहीत या अटीवर. ते त्या फळीसोबतच ठेवलेले असतात.

सेटिंग

पहिल्या दिवशी विमान जागचं हलेना. थ्रॉटल अर्ध्यावर नेला की कुरकुरत सरकायचं. ब्रेकचे अक्ष उलटे लागले होते: पाय उचलला की पूर्ण ब्रेक, दाबला की मोकळा. सिम्युलेटरच्या कंट्रोल सेटिंगमध्ये दोन्ही ब्रेकचे अक्ष उलटवले की झालं. नवी पेडलं लावल्यावर विमान जड वाटलं तर सगळ्यात आधी हेच पाहावं.

दुसरं म्हणजे रडर दोन ठिकाणांहून चालत होता. स्टिकचा पिळ अजून जोडलेला आणि पेडलंही. थरथरणारा पिळ पेडलांमध्ये लुडबूड करत होता. पिळाची जोडणी काढून टाकली.

डेड झोन, म्हणजे पेडल हललं तरी परिणाम होत नाही तो भाग, रडरला अगदी थोडा ठेवला, मधली थरथर झाकेल इतकाच. ब्रेकला मुद्दाम जास्त ठेवला, कारण नवशिक्याचा पाय पेडलावर विसावतो आणि नकळत ब्रेक लागतो. कर्व्ह, म्हणजे पाय किती हलला की रडर किती हलतो याचं प्रमाण, मात्र जवळजवळ सरळ राहू दिला. कर्व्ह वाकवून मध्यभाग मवाळ केला की सिममध्ये सगळं गुळगुळीत वाटतं, पण पाय त्या खोट्या मवाळपणाला सरावतो.

सराव आणि त्यातून जे दिसलं

उड्डाण लगेच करायचं नाही असं ठरलं होतं. आधी टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवणं, माणसाच्या चालीनं, पिवळी रेषा नाकाच्या चाकाखाली ठेवून. ही कंटाळवाणी गोष्ट तिनं मनापासून केली. सुरुवातीला ती रेषेच्या दोन्ही बाजूंना नागमोडी जायची, कारण विमान वळू लागल्यावर पाय काढायची आणि तोवर उशीर झालेला असायचा. हळूहळू वळण सुरू होतानाच उलटा पाय हलका टेकवायला लागली.

नंतर हवेत नाक एका डोंगरावर रोखून पंख डावी-उजवीकडे हलवायचे, नाक हलू द्यायचं नाही. हात आणि पाय एकाच लयीत आल्याशिवाय हे जमत नाही. विमान घसरतंय का हे दाखवणाऱ्या यंत्रातला बॉल ज्या बाजूला सरकला त्या बाजूचा पाय, हा नियम तिला तोंडपाठ होता. पेडलांवर तो पायात उतरला.

आडव्या वाऱ्यातलं लँडिंग शेवटी घेतलं, आधी पाच नॉटवर, मग वाढवत. पिळ निघाल्यामुळे हाताकडे झुकवणं आणि ओढणं एवढंच राहिलं. उजवा पंख पडण्याची तक्रार पुन्हा आली नाही. टेकऑफला मात्र नाक अजूनही कधीकधी डावीकडे जातं, कारण ती थ्रॉटल एकदम पुढे ढकलते. तो हाताचा उतावळेपणा आहे आणि त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही.

घरच्या पेडलांना एक मर्यादा आहे, ती तिला स्वच्छ सांगितली. स्प्रिंगचा ताण कायम सारखाच राहतो. खऱ्या विमानात वेग वाढला की रडर जड होतो, वेग पडला की सैल पडतो, आणि विमान घसरत असेल तर ते अंगाला बसल्या जागी कळतं. यातलं काहीच खोलीत मिळत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांत घरच्या सिमचा एकही तास धरत नाहीत, तेही तिला आणि वडिलांना आधीच माहीत होतं.

जॉयस्टिकचं काय

पेडलांवर पाय बसल्यावर जॉयस्टिकचा प्रश्न वेगळाच दिसू लागला. सेसनाच्या डाव्या सीटवर बसलं की डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर असतो. डायमंडमध्येही दांडा डाव्या हातात, थ्रॉटल उजव्या. ए 320 च्या कॅप्टनची साइडस्टिकही डाव्याच हाताला. चुलतभावाची स्टिक मात्र उजव्या हाताच्या मुठीसाठी घडवलेली, डाव्यात धरली की अंगठ्याला बटणं सापडत नाहीत. पिळ चालू असताना ती डाव्या हातात घ्यायचा विचारही कुणी केला नसता. आता पिळाची गरजच उरली नाही, म्हणून डाव्या हाताचा सराव शक्य झाला आणि मुलीनं तीच स्टिक बटणांशिवाय डाव्या हातात धरून तो सुरू केला. उजवा हात कीबोर्डवर थ्रॉटलसाठी. ओबडधोबड आहे, पण हात कोणता हे बरोबर आहे.

पुढची स्टिक घ्यायची झाली तर दोन्ही हातांना चालणारी, मुख्य अक्षांवर हॉल सेन्सर असलेली. टी 16000 एमची मूठ भाग बदलून डाव्या हातासाठी करता येते, म्हणून ती यादीत वर आहे. तिच्या पिळाचा सेन्सर कसला, याची आता या घराला फिकीर नाही. टेबलाची उंचीही तेव्हा पाहावी लागेल: नेहमीच्या टेबलावर कोपर वर उचललं जातं आणि खांदा अवघडतो. मांडीच्या पातळीला एक छोटी फळी लावायचं वडिलांच्या मनात आहे.

उरलेले पैसे त्यांनी तसेच बाजूला ठेवलेत. जूनमध्ये फ्लाइंग स्कूलमध्ये कोणतं विमान वाट्याला येतं ते कळलं की ठरेल. डायमंड आलं तर स्टिक. सेसना आली तर थोडी भर घालून योक, आणि भावाच्या अभ्यासाला दुसरं टेबल.